बैठकीच्या खोलीतली घोडी

ग्रॅहम : पण ती आत आलीच कशी? दाराला कडी होती!

टॅमसिन : ओरडू नकोस, बिचकेल ती. कडी तिनं नाकानं उघडली. मला आवाज आला.

ग्रॅहम : आणि तू गप्प बसलीस?

टॅमसिन : मला वाटलं, विल्फकाका आले. रोज चारला तेही न विचारताच येतात.

विल्फ : मी पाय पुसून येतो पोरी. घोडी पुसत न्हाई. आणि हे काय, पावाला जाम आधी लावलास? आमच्याकडं साय आधी, जाम वरनं. तीन वर्षं झाली तुला डार्टमूरच्या माळावर येऊन.

ग्रॅहम : काका, साय राहू दे! घोडी तुमची आहे, कानातला बिल्ला तुमचा आहे. काढा तिला बाहेर.

विल्फ : न्हाई जायची. माळाला कुंपण नसतं सायेब, पण हरेक तट्टाची जागा ठरलेली असती. आई जिथं थारा धरती, तिथंच पोर. हिची आई याच खोलीत जन्मली. ही बी.

ग्रॅहम : ही आमची बैठकीची खोली आहे!

विल्फ : ती आता झाली. वीस वर्षं या खोलीला छप्पर नव्हतं. चार भिंती, वाऱ्याला आडोसा. मग तुम्ही ब्रिस्टलहून आलात आणि छप्पर घातलंत. तिला वाटलं असंल, बरी सोय केली माणसांनी.

टॅमसिन : काका, या जमिनीची फळी न् फळी यानं हातानं घासलीय. तीन वर्षं आम्ही कोठारात झोपलो. शनिवारी आमचे पहिले पैसे देणारे पाहुणे येणार, याच खोलीत राहायला.

विल्फ : मग त्यास्नी सांगा, सोबत हाय म्हणून.

ग्रॅहम : टॅमसिन, सफरचंद दाखव. हळूहळू दाराकडे ने.

टॅमसिन : चार सफरचंदं झाली देऊन. दारापर्यंत येते, खाते, परत जाते.

ग्रॅहम : मग मी मागून ढकलतो.

विल्फ : ढकला. हिच्या आईला मी ढकललं होतं. हे पुढचे दोन दात तवाच गेले.

टॅमसिन : काका, तिचं पोट असं का हलतंय?

विल्फ : दिवस भरलेत तिचे. अर्धा तास, फार तर.

ग्रॅहम : इथे? गालिच्यावर?

विल्फ : घाई करा सायेब. इथं व्याली, तर शिंगरू जन्मभर इथंच येणार. मग त्याचं शिंगरू. कुलूप लावलंत तर खिडकीबाहेर उभं राहून तुमच्याकडं बघत बसणार.

ग्रॅहम : दोर आण, टॅमसिन! काका, तुम्ही डोकं धरा!

विल्फ : चहा निवतोय माझा.

टॅमसिन : ग्रॅहम, सोड. आडवी झाली ती.

ग्रॅहम : माझ्या फळ्या!

(अर्धा तास जातो. शेकोटीजवळ लांब पायांचं काहीतरी ओलं धडपडतं, पडतं, पुन्हा धडपडतं.)

टॅमसिन : उभं राहिलं! ग्रॅहम, उभं राहिलं रे! रडतोयस तू?

ग्रॅहम : पॉलिशचा वास नाकात गेलाय. पाहुण्यांना काय कळवायचं आता?

टॅमसिन : खोली भरलीय म्हणून.

ग्रॅहम : काका, पण खरंच जन्मभर? खाली गावात चांगलं कुरण असेल, उबदार तबेला असेल, तरी?

विल्फ : माझ्या लेकीनं मला गावात बंगली घेतली. नळाला गरम पाणी, मऊ खुर्ची. झ्याक हाय.

ग्रॅहम : मग एवढा चढ चढून रोज इथे कशाला येता?

विल्फ : मी बी याच खोलीत जन्मलो सायेब. तिथंच, शेकोटीशेजारी. आता ते शिंगरू हाय तिथं.

टॅमसिन : द्या तो कप, काका. चहा गरम करून आणते.

ग्रॅहम : आणि येताना पेचकस आण. ती कडी काढून टाकतो.