डायटमची माती आणि फवारणीचा पंप

अगं, नव्वदच्या दशकात आम्ही जे. पी. नगरला भाड्यानं राहायचो, तेव्हा माझी मुलगी रांगत होती. एकदा आमचे कानडी घरमालक झुरळांच्या विषारी औषधाचा पंप घेऊन दारात हजर.

मी म्हटलं, "अण्णा, फवारणी नको. मी कोपऱ्यांत डायटमची माती टाकलीय. सूक्ष्म शेवाळाच्या कवचांची असते, धान्यालाही लावतात. किडे सुकून मरतात."

"मातीनं झुरळं मरतात? स्वल्प सरका, अक्का."

मी हलले नाही. डब्यातली चिमूटभर माती त्यांच्यासमोर जिभेवर ठेवून गिळली. "आता तुम्ही तुमचं औषध चाखा, मग खुशाल फवारा."

ते भडकले. "घर खाली करायला लावीन!"

"लावा. पण पंप आत येणार नाही."

पंप घेऊन ते जिना उतरले. त्या घरात आम्ही आणखी सहा वर्षं राहिलो.