टँकरची पाळी झाकून ठेवता येणार नाही

आप्पाकाकांच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. आज तर एखादा शब्द चुकेल अशी जास्तच भीती वाटते. म्हणून खरं आहे तेवढंच बोलते.

आप्पाकाका माझे सख्खे चुलते. शाळेत जायच्या आधी त्यांनीच मला घरी शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी पाटी परत द्यायचे. "रीत दाखव."

आत्ता दोघांतिघांनी सांगितलं, पाण्याच्या टँकरची पाळी लावणारी वेबसाइट काकांनी एकट्यानं बनवली. माफ करा, तसं नाही. अनोळखी लोकांनी लिहून खुला ठेवलेला प्रोग्राम त्यांनी घेतला, आपल्या गावांसाठी बदलला. त्या लोकांची अट होती. बदललेला प्रोग्राम इंटरनेटवरून वापरायला दिलात, तर वापरणाऱ्यांना त्याचा कोडही द्यायचा. तुमच्या बदलांसकट. कोड म्हणजे पाळी कशी लागते, ते.

सर्जेरावमामा, तुम्ही समोरच आहात. उन्हाळ्यात तुम्ही तणतणत आलात. "आप्पा, तुमचं मशीन आमच्या वस्तीवर खार खातंय व्हय?" काकांनी शेजारी बसवून कोडची ओळ न् ओळ वाचून दाखवली. तुम्ही म्हणालात, "कळलं सगळं. पन नंबर मागंच हाय ना!" काका किती हसले होते.

ते गेले आणि एक टँकर ठेकेदार घरी आले. म्हणाले, वेबसाइट विकत घेतो, फक्त तिच्यावरची कोडची लिंक काढा. नाहीतरी बघतंय कोण?

खरंच, कोण बघतं? पण टँकरही त्यांचे, आणि पाळीही झाकलेली? पासवर्ड माझ्याकडे आहे. मी नाही म्हटलं. ती अट मोडायचा हक्क काकांना नव्हता. आम्हालाही नाही.

काकू म्हणाली, "पोरी, मेलेल्या मानसाचा शब्द धरून बसू, का जित्या लेकरांचं बघू?"

तरी मी लिंक काढली नाही. मग वेबसाइट घेत नाही, असं ठेकेदारांनी आज सकाळी कळवलं. तेव्हापासून काकू माझ्याशी बोललेली नाही.

लिंक जागेवर आहे. वेबसाइट किती दिवस चालेल, माहीत नाही. ती बंद पडायच्या आत कुणीतरी कोड उतरवून घ्या. चालवा. पण याच अटीवर.

आता काकांसाठी थोडा वेळ शांत उभे राहू या. काकू, तुला उठवत नसेल तर बसून राहा. मी तुझ्या शेजारी येऊन उभी राहते. माझा हात धरला नाहीस तरी चालेल.