दादाच्या वाकसातली खोट

आम्ही मूळचे अर्नाळ्याचे, होड्यांचे सुतार, म्हणजे मासळी आमच्या ताटात यायची पण जाळ्यात कधी आली नाही, आमचं सगळं काम किनाऱ्यावरचं, होडी एकदा पाण्यात गेली की ती फुटून परत येईपर्यंत आमचा तिचा संबंध संपला. बाबा सुतार, दादा सुतार, आणि मी मधू, मीही सुतारच, पण लग्नानंतर बोळिंजला फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटं करायला लागलो, तेव्हापासून दादा पाहुण्यांना माझी ओळख करून देतो, हा माझा धाकटा, याला लाकूडकाम येत व्हतं. जसा काही मी वारलो. बोळिंजला राहून माझं बोलणंही बदललं, दादाच्या तोंडात अजून पानीच आहे, आणि वर मलाच म्हणतो, तुझं पाणी नळाचं रे, माझं पानी समुद्राचं.

आता वाकस कळायला हवा तुम्हाला, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कुदळीसारखा आडव्या पात्याचा असतो, त्याने फळी तासायची, दोन पायांमध्ये फळी धरून आपल्याच पावलांच्या दिशेने घाव घालायचा, चुकला तर बोट गेलं. होडीच्या फळीला जो बाक हवा तो याच्यानेच येतो. दादाचा वाकस कोणी उचलायचा नाही, वहिनीसुद्धा झाडताना त्याला वळसा घालून झाडायची, मी लहानपणी एकदा त्या वाकसाने नारळ फोडला तर दादाने मला आठवडाभर नारळफोड्या म्हणून हाक मारली.

आणि आमच्या घरात एक रीत होती, दुसऱ्या कोणाकडे आहे का मला माहीत नाही. ज्या हाताने काम सोडलं, त्या हाताचं हत्यार समुद्राला द्यायचं. वाटून घ्यायचं नाही, भंगारात तर नाहीच. बाबांचे डोळे गेले तेव्हा त्यांनी आपला वाकस होडीतून नेऊन आत खोल पाण्यात सोडला, घरी आले, हात धुतले, जेवले, आणि त्यानंतर त्यांचा कशातच जीव रमला नाही हो, पावसाच्या आधी गेले. डॉक्टर म्हणाले हृदय. दादा म्हणाला, कसला हृदय, वाकस गेला नि त्याच्या मागून बाबा गेले. हे वाक्य मी विसरलो नव्हतो, म्हणून मागच्या वर्षी दादाची उजवी बाजू लुळी पडली आणि दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने पहिलं वाक्य काय बोलावं, मधू, भरती बघ, वाकस घालून ये, तेव्हा मी आज वारा आहे, उद्या होडी नाही, असं करत कित्येक महिने टाळत राहिलो.

हात गेला होता, पाय ओढत होता, जीभ तेवढी वाचली होती, आणि ती जीभ म्हणजे वाकसापेक्षा धारदार. पण ती जीभही वापरेना. वहिनी फोनवर मला म्हणायची, भावजी, ते भांडत पन नाय ओ माझ्याशी, नुसते भिंतीकडं बघून बसतात. चाळीस माणसांचं भांडण एकटा करणारा माणूस तो, आणि गप्प. मला त्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटली.

मी नाटक्या आहे, माझी बायको तुम्हाला सांगेलच, तर मी भिंतीवरचा वाकस काढला, उन्हात धरला आणि मोठ्याने म्हणालो, अरेरे दादा, याला तर गंज चढलाय, असा समुद्राला दिला तर बाबा वरून काय म्हणतील, मुलांनी गंजकं हत्यार पाठवलं. एवढं बरं म्हणा की खाऱ्या वाऱ्याने खरंच गंज चढवला होता. दादा भिंतीकडून माझ्याकडे वळला. म्हणाला, मंग साफ कर नि घाल. मी म्हटलं, रविवारी आणतो.

रिक्षात तो वाकस मांडीवर घेऊन बसलो तर रिक्षावाला आरशातून बघत म्हणतो, काका, कोणाचा हिशोब करायला चाललात. मी म्हटलं, यमाचा. त्याने पुढे सगळा रस्ता रेडिओ बंद ठेवला.

घरी ग्राइंडर लावायची सोय नाही. एक तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आवाज झाला की चप्पल न घालताच खाली येतात, आणि दुसरं म्हणजे ग्राइंडरने पातं तापतं, लोहाराने दिलेलं पाणी उतरतं, मग ते पातं लोणी कापायला ठेवा. म्हणून मी सासूबाईंच्या शिलाई मशीनचा जुना स्टँड माळ्यावरून काढला, वर धारेचा गोल दगड बसवला, खाली पाय मारायचा, वर दगड फिरतो, बाजूला पाण्याचा डबा टांगला त्यातून थेंब थेंब पडतो. गाडीच्या जुन्या जॅकचा शिकंजा केला, दांडा आवळून धरायला. बायको म्हणाली, माझ्या आईने त्याच्यावर माझी लग्नातली चोळी शिवली होती. मी म्हटलं, आता तुझ्या दिराला शिवतोय. ती हसली नाही, पण पाण्याचा डबा दर वेळी तीच भरून ठेवायची. पातं चिंचेच्या पाण्यात ठेवलं, विटेच्या पुडीने घासलं, गंज निघाला आणि खालून निळसर पोलाद वर आलं. दांड्याला मात्र घासकागद लावला नाही. दादाच्या अंगठ्याने तिथे खळगा पाडला होता, तो तसाच ठेवला, नुसतं जवसाचं तेल पाजलं.

आणि मग, ऐका, पाचर मुद्दाम सैल ठोकली.

रविवारी दादाने वाकस डाव्या हातात घेतला, हलवला, पातं खुळखुळलं. काय सांगू तुम्हाला, कित्येक महिन्यांनी त्या घरात आवाज फुटला. ही पाचर हाय का दात कोरायची काडी, कपाटं करून करून हात कपाटात ठेवून आलास काय, बाबांनी हे बघितलं असतं तर पयला तुलाच समुद्रात घातला असता. वहिनी दारात उभी राहून पदराने तोंड झाकून हसत होती आणि डोळेही त्याच पदराने पुसत होती. त्या दिवशी दादा दोन वेळा भात मागून जेवला.

झालं, मला औषध सापडलं. पुढच्या रविवारी पाचर घट्ट, पण पातं थोडं आत झुकलेलं. त्याच्या पुढच्या रविवारी धारेचा एक कोपरा खाली. मला सांगा, चांगलं काम करायला जेवढी अक्कल लागते ना, त्याच्यापेक्षा जास्त, बरोब्बर हवं तेवढंच वाईट काम करायला लागते, खोट अशी हवी की दादाला सापडायला थोडा वेळ लागेल पण सापडेलच. तो शिव्या देत देत खाटेवरून उठून उजेडात यायला लागला, धार बघायला. भिंत धरून, पण आला.

पण माणूस होड्या बांधलेला, त्याला किती दिवस फसवणार. एका रविवारी त्याने वाकस बघितला, खोट सापडली हे मला त्याचा अंगठा थबकला त्यावरून कळलं, पण त्याने शिवी न देता वाकस खाली ठेवला. वहिनी आत गेल्यावर हळू म्हणाला, मधू, तू एवढा वाईट सुतार नायस. मग म्हणाला, मी काय तुझा खेळ हाय का, पुढल्या रविवारी नीट करून आन, आईची शपथ घे, आनि दुपारच्या भरतीला होडी सांगून ठेव.

आईची शपथ मोडता येत नाही आमच्यात, मी नाटक्या असलो तरी. तो आठवडा मी कपाटांचं काम बंद ठेवलं. पाय मारत होतो, दगड फिरत होता, आणि प्रत्येक फेरीला वाटत होतं आपण दादालाच थोडा थोडा झिजवतोय. पाचर चिंचेच्या लाकडाची नवी केली, पात्याचा कोन बाबांसारखा लावला, धार अशी की हातावरचे केस उतरले. आयुष्यात इतकं चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही, आणि इतकं नकोसं झालेलंही नाही.

शेजाऱ्याची होडी तयार होती, पाणी पार वाळूच्या वरपर्यंत चढलं होतं. वहिनीने वाकसाला हळदकुंकू लावलं. दादाने वाकस घेतला, उजेडात आला, वाकस मला धरायला दिला, डावा अंगठा धारेवरून फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाचरीला नख लावलं, दांड्यावरच्या खळग्यात उजवा मेलेला अंगठा डाव्या हाताने उचलून ठेवला. होडीवाला खालून हाका मारत होता. मग दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, धार वाकडी हाय.

मी म्हटलं, कुठे, दादा. तो म्हणाला, तुला दिसत नाय म्हनून तर वाकडी राहिली, पुढल्या रविवारी आन.

धार वाकडी नव्हती हो. हातावरचे केस उतरले होते, शपथेवर सांगतो, नव्हती. वहिनीने होडीवाल्याला हात करून परत पाठवलं, आणि मी वाकस पुन्हा मांडीवर घेऊन रिक्षात बसलो.

आता मी खोट ठेवत नाही, ती शोधायचं काम त्याच्याकडे गेलंय. तब्येत म्हणाल तर कधी बरी कधी नाही, मधेच दोन दोन दिवस बोलत नाही, हात काही यायचा नाही, ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, आणि एखाद्या रविवारी तो म्हणेल बरोबर आहे, तेही माहीत आहे. पण तुम्ही एवढं ऐकून घेतलंत तर तुम्हाला एक आशीर्वाद देतो, लिहून घ्या हवं तर. घरात कोणीतरी वडीलधारं असू दे, आणि तुमचं काम त्याला कधीही पसंत न पडो.