नखाएवढ्या चित्रात अख्खा तांडा

नाही काका, काढून टाकले हा शब्द जरा कठोर होतो — हलवले म्हणा. तांड्यातले सगळे चेहरे खेळाच्या आत आहेत, सुखरूप आहेत, फक्त मुखपृष्ठावर नाहीत. बसू का? बसतो. खरं तर हे जीवननं सांगायला हवं होतं, तुमचा सख्खा पुतण्या तो, या व्हिडिओ गेमचा, आपल्या खेळाचा, सगळा प्रोग्रॅम त्यानंच लिहिलाय — पण तो म्हणाला, आयुष, तू बाहेरगावचा, त्यात एम.एस्सी. झालेला, तुझं काका शेवटपर्यंत ऐकून तरी घेतील. आणि स्वतः पळाला मंदिरासमोर प्रोजेक्टर लावायला. आता थोड्या वेळात सगळे तिथं जमतील, जो तो आपला फोटो शोधेल, आणि दिसणार काय, तर एक माणूस आणि एक बैल, तेही पाठमोरे. म्हणून आधी तुमच्याकडे आलो. तुम्ही तांड्याचे नायक. तुम्ही 'बरोबर आहे' म्हणालात की कुणी वाद घालणार नाही. तुम्ही नाही म्हणालात, तर चेहऱ्यांचं जुनं मुखपृष्ठ परत लावावं लागेल आणि मग आमचा खेळ कुणी उघडणारच नाही — शंभर टक्के असं म्हणत नाही मी, पण बऱ्याच खात्रीनं म्हणतो.

शब्द दिला होता, मान्य. जीवननं दिला होता. उन्हाळ्यात आम्ही आवाज रेकॉर्ड करायला आलो, तेव्हा बसंतीबाईंनी गाणी म्हटली, फकिरानं बैलांना घालतात ती शीळ घातली, तुम्ही स्वतः लदेणीच्या गोष्टी सांगितल्या — बैलांच्या पाठीवर मीठ लादून पणजोबा कुठल्या रानातनं कुठं जायचे त्या — आणि त्या सगळ्यांवरच तर खेळ उभा आहे, नावसुद्धा 'लदेणी'च ठेवलंय. तेव्हा कुणीतरी विचारलं, फोटो येईल ना? जीवन म्हणाला, सगळ्यांचा येईल. त्याच्या डोक्यात होतं खेळाच्या शेवटी येईल. तांड्याच्या डोक्यात आला वाढदिवसाचा फ्लेक्स! मग काय, फोटोच फोटो. धरमसिंगनं गॉगल लावलेला पाठवला. फकिरा म्हणे, "माहा फोटो गाडीसंगच पायजे, गाडी नसन तं मीबी नाही." मी म्हटलं, अरे बाबा, खेळ जुन्या काळातला आहे, मोटारसायकल कशी दाखवू? तर म्हणतो, "कायले? चालू नको करू, नुसती उभी ठेव!"

आणि मी ठेवली, काका. पहिलं मुखपृष्ठ मी तसंच केलं होतं. ओळीनं गोल गोल चेहरे, वर मधोमध हात जोडलेले तुम्ही, खाली कोपऱ्यात एक बैल, तोही अर्धा — मोटारसायकलीमागे गेला. घ्या, हा मोबाईल धरा. बघा. छान दिसतं, नाही? मलाही वाटलं होतं. आता हे बघा — ज्या ऑनलाइन दुकानात आपण खेळ विकायला ठेवणार, तिथं ते असं दिसतं. हो, एवढंच. नखाएवढं. शेजारी दुसऱ्यांचे शेकडो खेळ, बघणाऱ्याचं बोट सरसर पुढं चाललेलं. आता ओळखा स्वतःला. नाही, ते तुम्ही नाही, ते धरमसिंग. तुम्ही वर — तो पांढरा ठिपका दिसतोय ना, त्या मिशा. तेवढ्याच उरतात.

काहून म्हणता? असं बघा. पांढरकवड्याच्या स्टँडवर तुम्ही उभे आहात, लांबून बस येतेय. ती झरीची की मारेगावची, हे तुम्ही पाटीवरनं ओळखता. आता त्या पाटीवर गावाच्या नावाऐवजी आत बसलेल्या सगळ्या प्रवाशांची नावं लिहिली तर? मुखपृष्ठ म्हणजे पाटी. एका नजरेत कळलं पाहिजे की ही लढाई नाही, ही शर्यत नाही, हा वाट शोधण्याचा खेळ आहे — रान आहे, बैल आहे, ओझं आहे, संध्याकाळच्या आत पाणी गाठायचंय. एक आकृती, एक ठळक रंग, नावाची अक्षरं जाड, बाकी मोकळी जागा. आणि मुखपृष्ठावर जे दाखवलं ते आत सापडलंच पाहिजे, नाही तर माणूस फसवलं म्हणून खेळ परत करतो. मोटारसायकल आत कुठं सापडणार?

मी नुसत्या अंदाजावर बोलत नाही, तपासून पाहिलंय. खेळ बनवणारे लोक एकमेकांना मुखपृष्ठं दाखवतात असा एक ग्रुप आहे, त्यात ते जुनं टाकलं. काय म्हणाले? — ते राहू द्या ना. बरं, सांगतो, पण मनाला लावून घेऊ नका. एकानं विचारलं, निवडणूक कधी आहे? आणि दुसऱ्यानं फार काळजीनं विचारलं — काका, खरोखर काळजीनं — हे सगळे लोक बेपत्ता आहेत का? — हसताय तुम्ही! हसलात, बरं वाटलं. जीवन म्हणत होता, हे ऐकून काका काठी घेतील.

आता हे नवं बघा. हात लांब करा, अजून — आणि डोळे बारीक करा. दिसतं ना? बैलाची शिंगं, पाठीवरची गोणी, आणि पुढं चालणारा माणूस, डोक्यावर लाल पागडी. मागचं रान मुद्दाम फिकट ठेवलंय, म्हणजे लाल रंग उठून येतो. चेहरा दिसत नाही म्हणून कुणालाही वाटावं, हा मीच. फकिरालाही वाटू शकतं, गाडी सोडून. आणि खेळ संपला की शेवटी एकेकाचा चेहरा येतो, मोठा, पूर्ण पडदाभर, नावासकट आणि त्याच्या आवाजासकट. तिथं धरमसिंगचा गॉगलसुद्धा ठेवलाय.

कोणती गाठ? पागडीची? हो, ती — ती मागून डावीकडे खोचलेली आहे, बरोबर. तशी बरेच जण बांधत असतील ना? नाही? फक्त तुम्हीच? — असेल. योगायोग असेल. म्हणजे नुसता योगायोग असं नाही म्हणता येणार. अचूक सांगायचं तर ती तुमचीच पागडी आहे. सणाची, लाल. तुम्ही कापूस घेऊन मारेगावले गेलता त्या दिवशी... नाही, मी नाही घातली! मी कशाला हात लावीन? मी तर फोटो काढत होतो. घालून उभी होती तुमची रंजिता —

काकू, तुम्ही आतून हसू नका, इथं माझा जीव चाललाय. तुम्हाला माहीत होतं? तुम्हीच बांधून दिली? — ऐका ना काका, ती फक्त उभी राहिली नाही. चालायची ढब बघण्यापुरताच तो फोटो. चित्र तिनंच काढलंय. सगळं. मी आठ-दहा करून बघितली होती, एकही जमलं नव्हतं, मले — मला रंगांतलं एवढं कळत नाही, मला मोजमाप कळतं. बैलाचं ओझं डाव्या बाजूला किंचित झुकलेलं असतं, हे तिलाच सुचलं. तलाठी भरतीच्या क्लासला ती जाते, खोटं नाही ते, रोज जाते. पण क्लास सुटल्यावर जीवनच्या खोलीवर कॉम्प्युटरवर बसते, जीवन आणि मी दोघंही तिथंच असतो, दार उघडं असतं — हे मी उगाच सांगितलं का? तिनं बजावलं होतं, बाबांनी आधी चित्र बघू दे, चांगलं की वाईट ते त्यांच्या तोंडून येऊ दे, मग सांगू. आणि मी सांगून बसलो. तुम्ही चांगलं म्हणायच्या आधीच.

अजून चित्रच बघताय, काका? मोबाईल द्या ना. नको? बघा मग, बघा. मोठं करून बघायचं असेल तर दोन बोटं — हो, तसं. ती कोपऱ्यातली अक्षरं? र. आणि दे. एवढंच लिहिलंय तिनं. का ते मी कसं सांगू. भीती असेल. कुणाची ते — तेही मी कसं सांगू.

आं? पूर्ण नाव? रंजिता देवसिंग राठोड? बसेल, पण बारीक होईल, नखाएवढ्या आकारात वाचता येणार नाही, आणि मुखपृष्ठावर खेळाच्या नावाखेरीज दुसरा मजकूर शक्यतो असू नये असा — टाकतो. टाकतो म्हटलं ना, आताच टाकतो, तुम्ही आधी मोबाईल — बरं, राहू द्या तुमच्याकडे. कुठं निघालात? मंदिराकडे? म्हणजे चेहरे परत नाही ना लावायचे? — आणि सगळ्यांपुढं उभं राहून हे सांगणार कोण, रंजिता? फकिरालाही तीच सांगणार? आणि तुम्ही तिच्या शेजारी उभे राहणार? उत्तम, अतिउत्तम — मी तिला फक्त मुद्दे काढून देतो, आधी आकार, मग रंग, मग... नाही? ती तिचं तिचं बोलेल. मग मी काय करू?

गप्प बसू?

बरं.