कोरडा चौक

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, या चर्चचे फादर, नगररचना खात्यातील माझे सहकारी, चौकातील रहिवासी आणि आजचे सत्कारमूर्ती,

सत्कारमूर्तींना मी ऑफिसात साहेब म्हणते, घरी मामा. आज काय म्हणू, असं सकाळी विचारलं. म्हणाले, "काहीही म्हण, पण लवकर आटप. आणि फक्त इतिहास सांग."

इतिहास असा. इथे आधी चौक नव्हता, दलदल होती. पहिलं आलं ते चर्च. भराव घालून चौक नंतर झाला, भोवतीच्या कमानी त्याहून नंतरच्या. चर्चचं तोंड चौकाला तिरकं आहे, ते चुकून नव्हे. ते जुन्या नावेच्या धक्क्याकडे बघतं. धक्का गेला, तोंड तसंच राहिलं.

ओल मात्र कधी गेली नाही. फादर म्हणायचे, "आमच्या चौकात पाय घसरला की माणूस थेट देवाच्या पायरीवर थांबतो. मला आयती गर्दी." मग मामांनी चौकाभोवती निचऱ्याची खोल गटारं बांधली आणि ओल गेली. आजचा सत्कार मुख्यतः त्यासाठी आहे, आणि तो योग्यच आहे. भिंती कोरड्या आहेत. मी स्वतः तपासल्या आहेत.

पण एवढ्या दगडी भिंती चिखलात उभ्या कशा राहिल्या? चर्चच्या मनोऱ्याला भेग पडली म्हणून यंदा खणलं, तेव्हा कळलं. खाली लाकडी खांब आहेत, एकमेकांना खेटून ठोकलेले. लाकूड पाण्याखाली शतकं टिकतं. पाणी उतरून हवा लागली की कुजतं. मी खड्ड्यात उतरून एका खांबाला पेन्सिल टोचली. ती आत गेली.

वर येऊन म्हटलं, "मामा, पाणी परत सोडू या."

"कुजलेल्याला पाणी पाजून काय होणार गं?" म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

खालून नवा पाया घालावा, तर बाहेरचे तज्ज्ञ म्हणाले, खणायला घ्याल तर मनोरा आधी खाली येईल. आज इथे बसायला हरकत नाही, असं मी लिहून दिलं आहे. पुढच्या महिन्याचं देता येणार नाही.

मघाशी सहकाऱ्यांनी मामांना पितळी ओळंबा भेट दिला. अध्यक्ष महोदया बोलत असताना त्यांनी तो खोक्यातून काढला आणि या मागच्या दगडी खांबासमोर धरला. दोरी सरळ होती. खांब सरळ नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोरी नीट गुंडाळली आणि ओळंबा परत ठेवला.

फक्त इतिहास सांग, म्हणाले होते. तेवढाच सांगितला. तो इथपर्यंत आला, त्याला माझा इलाज नाही.

आपण सगळे आलात, शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर वयाने लहान समजून पोटात घाला. जाताना कृपया बाजूच्या दाराने जावं. मोठं दार चौकटीत रुतलंय, फादरांनी सकाळी ओढून पाहिलं. बाजूचा उंबरठाही आता तिरपा आहे, तेव्हा जपून.

मामा, तुम्ही माझा हात धरा.