शेवटची जाहिरात

अगं नको, नको—पलंगालगतच्या भिंतीला हात नको लावूस, पोरी. बाकीच्या तिन्ही भिंती सोलून ने, माझी ना नाही. मातीचं घर, सारखं खपल्या गाळतं, म्हणून आम्ही सगळेच आतून पेपर चिकटवायचो. गावाचा ‘हेराल्ड’ आता एवढाच उरलाय—तुझ्या संग्रहालयाचाच म्हण.

चालला किती? दोन-तीन वर्षं असेल. बातम्यांवर कुठला चालतोय—ह्या डकोटाच्या माळावर बातमी म्हणजे वारा! चालला तो आमच्या जाहिरातींवर. सरकारी जमीन कसून नावावर करायची, तर आधी पेपरात द्यावं लागे—अमका माणूस, अमका तुकडा, हे चार साक्षीदार, कुणाची हरकत? जमीन नावावर झाली की त्याची जाहिरात संपली. पेपर टिडवेल बाईचा; एकटीच अक्षरांचे खिळे जुळवायची, एकटीच छापायची. म्हणायची, “तुम्ही सगळे जमीनदार झालात, की मी बेकार!”

शेवटी जाहिरात द्यायचा राहिलो मी एकटा. बाई विचारायची, “ऑस्मुंड, मुदत संपत आली, कळतंय का?” मी म्हणायचो, बघू पुढच्या आठवड्यात. लोहार तर चारचौघांत ओरडायचा, “अरे, जाहिरात द्यायचीय की लग्नपत्रिका?”—आता तू हसू नकोस. जमीन हातची गेली असती, हो, गेलीच असती. पण जाहिरात दिली असती तर... असो. पेपर बंद पडला असता, एवढंच म्हणायचंय मला.

मग एक दिवस तीच आली, गाडी हाकत. कागद पुढे केला. “सही कर.” केली—तिला नाही कोण म्हणणार? साक्षीदारही तिनंच ठरवलेले, पहिला लोहार. पुढचे अंक निघाले त्यांत माझं नाव आणि हवामान, दुसरं काही नाही. मी तालुक्याला कचेरीत गेलो, जमीन नावावर करून परत आलो—तर छापखाना रिकामा. खिळ्यांच्या पेट्यासुद्धा नेलेल्या.

तेव्हापासून इथं पडल्या पडल्या बघतो ह्या भिंतीवरची ती जाहिरात. माझी जमीन वाचवली तिनं, की स्वतःची सुटका करून घेतली? दोन्ही असेल. पण आधी कुठलं मनात आलं असेल?

काय म्हणालीस? तुमच्याकडे तिची माहिती आहे? कुठं गेली, का गेली—तिनंच सांगितलेली?

नाही. नको सांगूस. चाकू घे तुझा. राहू देत भिंती, सगळ्याच राहू देत. जा पोरी, जा आता.