जवाईबापूची व्हिटॅमिनं

चहा पाजा, पण माह्यासमोर आमच्या जवाईबापूचं नाव काढू नका! आईची केमो सेवाग्रामच्या दवाखान्यात चालू होती, गाठ कमी होऊन राह्यली होती, अन् हा बहिणीचा नवरा डबाभर इंजेक्शनं घेऊन आला.

म्हणे, "केमो जहर आहे, बंद करा. व्हिटॅमिनचे मोठे डोस द्या, कॅन्सर पळते."

जीव आईचा, अन् बंद करणारा हा कोण? पण जवायाले उलटं कोण बोलन? वरून त्याले पोह्याचा आग्रह!

शेवटी खाटेवरून आईच बोलली, "बापू, तुमच्या वांग्याले अळी लागली तं काय करता?"

"फवारा मारतो."

"खत नाई टाकत?"

"खतानं कुठं अळी मरते, आई?"

"मंग माह्या अंगात काऊन खत टाकून राह्यले?"